दोन खिडक्या आणि एक कोरी ओळ

उईसंग, ५ मार्च

हे-रान,

वरती आशीर्वाद लिहायचे की नाही हे ठरेना, म्हणून तेवढी ओळ सोडून पुढे लिहितो आहे. तू फोन उचलत नाहीस, मोबाइलवरचे निरोप वाचत नाहीस. पण परवा जे खोकं आलं त्याच्यावरच्या चिठ्ठीत पाठवणाऱ्याचा पत्ता छापलेला होता. सोकचो, बंदरामागची गल्ली, दुसरा मजला. तेवढा तुकडा मी कात्रीने कापून चष्म्याच्या डबीत ठेवला. पोटच्या मुलीचा पत्ता सात वर्षांनी कुरिअरवाल्याकडून कळला, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

कॉम्प्युटर नीट पोचला. आत चिठ्ठी नव्हती. बुडबुड्यांचं प्लास्टिक झटकून पाहिलं, तळाचा पुठ्ठाही उचलून पाहिला. माझा जुना कॉम्प्युटर गेला ही बातमी तुला सुन-एने पुरवली असणार. तुझ्या आत्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी कोणाकडे काही मागितलं नव्हतं. पेठेत जाऊन जुन्यासारखाच एक आणणार होतो. आता हा आलाच आहे तर परत पाठवणं बरं दिसत नाही.

आभारी आहे. हे लिहून झालं, आता मुद्द्याचं.

या तुझ्या यंत्रात खिडक्या उघडता येतात, आवरता येत नाहीत. एकतीस वर्षं मी कचेरीत रजिस्टरं सांभाळली, एक कागद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. जुन्या कॉम्प्युटरवर जी जी फाइल उघडावी ती खालच्या पट्टीवर आपलं नाव लावून उभी राहायची, वर्गातल्या हजेरीसारखी. इथे खाली नुसती चित्रं आहेत. एका प्रोग्रॅमचं एक चित्र, मग त्याच्या पोटात चार फाइली उघड्या असोत नाहीतर चाळीस.

खिडकी बंद करायची फुली जन्मभर उजव्या कोपऱ्यात होती. इथे डावीकडे आहे, आणि फुलीही नाही, तीन ठिपके आहेत. लाल दाबला की खिडकी जाते, पण प्रोग्रॅम संपत नाही. चित्राखाली बारीक टिंब राहतं. आपल्याला वाटतं बंद केलं, आत सगळं चालूच. पिवळा दाबला की खिडकी नळीत ओढल्यासारखी खाली जाते आणि मग चित्रांच्या गर्दीत सापडत नाही. हिरव्याला मी अजून हात लावलेला नाही.

काम कोणतं ते तुला ठाऊक आहे. आपल्या कुळाची वंशावळ दर तीस-पस्तीस वर्षांनी नव्याने छापतात. मागची निघाली तेव्हा तू पाच वर्षांची होतीस आणि त्या जाड पुस्तकावर बसून जेवायचीस. यंदा आपल्या शाखेचा भाग माझ्याकडे आहे. जुन्या पुस्तकाची पानं पडद्यावर बघायची, त्यातली चिनी अक्षरं लावायची आणि आपल्या लिपीत नव्या फाइलीत भरायची. मंडळाचे अध्यक्ष अजून दे-सप काकाच आहेत. वय चौऱ्याऐंशी, आवाज तोच. वीस एप्रिलला सगळं छापखान्यात गेलं पाहिजे असं त्यांनी बजावलं आहे.

तेव्हा माझा प्रश्न एवढाच. एकाच प्रोग्रॅमच्या दोन फाइली उघडल्या की एक दुसरीच्या मागे जाते. ती पुढे कशी आणायची? दोन फाइली का, असं विचारशील. एक मंडळाची आणि एक माझी टिपणांची.

पत्राचं उत्तर द्यायचं नसेल तर नको देऊस. कोणती कळ दाबायची तेवढं कळव.

ब्यंग-हो

उईसंग, १९ मार्च

हे-रान,

पोस्टकार्ड मिळालं. ‘कमांड धरून ठेवा, वॉनची कळ दाबा.’ सहा शब्द. खाली नाव नाही, पण बाराखडी शिकताना तू जशी अक्षरं डावीकडे कलवायचीस तशीच आहेत. मागे वाळत घातलेल्या माकुलांचं चित्र होतं. सुन-ए म्हणाली फ्रिजवर लाव. मी लावलं नाही, कॉम्प्युटरला टेकवून ठेवलं आहे, बघायला सोपं पडतं म्हणून.

आता ऐक तुझ्या सहा शब्दांनी काय केलं ते.

पैशाच्या चिन्हाने खिडकी बदलते हे ज्याला सुचलं त्याच्याशी मला एकदा बोलायचं आहे. पण बदलते हे खरं. मागची फाइल पुढे, पुढची मागे. मी आनंदाने दहादा करून पाहिलं. अडचण अशी की कमांडची कळ माझ्या अंगठ्याखालून सुटते. अंगठ्याला संधिवात आहे, तो तू असतानाही होता. कमांड सुटली की वॉनची कळ खिडकी बदलत नाही, ती निमूटपणे ₩ छापते. जिथे कर्सर असेल तिथे. आणि माझे डोळे त्या वेळी जुन्या पुस्तकाच्या पानावर असतात.

मी पहिली साठ पानं काकांकडे पाठवली. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी फोन.

“ब्यंग-हो, सोळाव्या पिढीतले आजोबा विकायला काढलेस काय?”

“काय झालं काका?”

“त्यांच्या नावापुढे पैशाचं चिन्ह आहे. बरं, असू दे. त्यांच्या धाकट्या भावापुढे तीन आहेत. धाकट्याचा भाव थोरल्यापेक्षा चढा कसा?”

“नवा कॉम्प्युटर आहे काका. खिडकी बदलायला गेलो की होतं तसं.”

“खिडकी बदलायला सुताराला बोलाव. पूर्वजांना कशाला हात लावतोस?”

एक्केचाळीस ठिकाणी निघाली ती चिन्हं. एक तर मूळ पुरुषाच्या समाधीच्या पत्त्यात होतं. दोन दिवस मी तेवढंच खोडत बसलो, आणि खोडताना पुन्हा सात नवी पडली. माझ्या संतापाची तुला कल्पना असेल, लहानपणी तू माझा आवाज ऐकून परसात पळायचीस. आता परसात पळायला कोणी नाही, त्यामुळे सगळं कॉम्प्युटरलाच ऐकावं लागतं.

फोन ठेवण्याआधी काका आणखी एक बोलले. “तुझ्या स्वतःच्या पानावर एक ओळ कोरी आहे. ‘मुलगी’ लिहिलंय, पुढे काही नाही.”

रीत तुला माहीत आहे. मुलगे आपापल्या नावाने, आणि मुलीच्या जागी जावयाचं नाव. चारशे वर्षं हेच चालत आलं आहे. यंदा मंडळाने ठराव केला आहे की ज्या शाखेला हवं तिने मुलींची नावं घालावीत. पण आमच्यात अजून कोणी घातलेली नाहीत, आणि काकांसमोर पहिला हात कोण वर करणार.

“लग्न झालं होतं ना तिचं?” काका म्हणाले. “मग त्या माणसाचं नाव घाल.”

“मोडलं काका ते. सात वर्षं झाली.”

“मग ओळ काढून टाक. कोरी ओळ छापत नाहीत.”

मी म्हटलं, बघतो.

हे मी तुला कशाला लिहिलं, कोण जाणे. मला विचारायचं होतं ते वेगळंच. जुनं पुस्तक आणि नवी फाइल शेजारी शेजारी कशा ठेवायच्या? जुन्या यंत्रात खिडकी ओढून कडेला नेली की ती आपणहून अर्धा पडदा धरून बसायची. इथे ओढली की ती भिंतीतून निघून जाते आणि अर्धीच मागे उरते.

ब्यंग-हो

उईसंग, २ एप्रिल

हे-रान,

तुझं दुसरं कार्ड येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

शनिवारी दे-सप काका स्वतः काम बघायला आले. सुन-ए शेतावरून लसणाच्या वाफ्यातलं तण काढून तशीच आली होती, हातपाय धुऊन कालगुक्सूच्या शेवया करायला बसली. काका माझ्या खुर्चीत, मी मागे उभा. त्यांना अक्षरं बारीक दिसत होती. “मोठं कर,” म्हणाले. मोठं करायचं म्हणून मी प्रथमच त्या हिरव्या ठिपक्याला हात लावला.

सगळं गेलं. वरची पट्टी गेली, खालची चित्रं गेली, तीन ठिपकेही गेले. एकच पान, भिंतीएवढं. त्यातून बाहेर पडायचा दरवाजाच नाही. मी कमांड दाबली, वॉन दाबलं, पानावर ₩ उमटलं. काका बघत होते.

“बाकीची शाखा कुठे गेली?”

“आहे काका. मागे आहे.”

“मागे म्हणजे कुठे? मला तर भिंत दिसते.”

शेवटी मी वायर ओढली. यंत्र बॅटरीवर चालतच राहिलं. सुन-ए पिठाच्या हातांनी आली, तिने वरची डावीकडची एक कळ दाबली आणि सगळं जागेवर. म्हणे तिच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर पाहिलं होतं. काकांनी दोन वाट्या कालगुक्सू खाल्ल्या आणि जाताना मला म्हणाले, “वीस तारीख. आणि ती कोरी ओळ.” एवढंच.

सोमवारी तुझं कार्ड आलं. ‘हिरव्या ठिपक्यावर दाबून धरा. लगेच सोडू नका.’ या वेळी सात शब्द. दाबून धरलं. छोटी यादी आली, डावीकडे की उजवीकडे असं विचारलं. आता जुनं पुस्तक डावीकडे, नवी फाइल उजवीकडे, दोन्ही अर्धा अर्धा पडदा धरून. लगेच सोडायचं नाही हे आधी कोणी सांगितलं असतं तर काकांसमोर शोभा झाली नसती.

पण हा सगळा सरळपणा अंगाशी आला. दुपारी सुन-ए चहा घेऊन आली तेव्हा मी दोन फाइली अशाच शेजारी लावल्या होत्या. मंडळाची, आणि माझी टिपणांची. तिने चष्मा न लावता वाचलं.

“दादा, ही दुसरी कसली?”

“टिपणं आहेत.”

“टिपणात हे-रानचं नाव? असं ठळक? वंशावळीच्या चौकटीत?”

“सराव करत होतो. चौकट आखायचा.”

“सराव.” ती उभ्या उभ्याच चहा प्यायली. मग म्हणाली, “मी कुठे आहे रे पुस्तकात?”

मी जुनं पान काढून दाखवलं. तुझ्या आजोबांच्या खाली, मी, आणि माझ्या डावीकडे ‘मुलगी’, पुढे तिच्या नवऱ्याचं नाव. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

“चाळीस वर्षं लसूण मी उपटते,” म्हणाली, “आणि पुस्तकात हा. त्याला तर लसणाच्या वासाने शिंका येतात.”

तेव्हा कबूल करतो. ती टिपणं नाहीत. मंडळाच्या फाइलीची पूर्ण नक्कल आहे, फक्त त्यात एक ओळ कोरी नाही. मी ती कोणाला दाखवायला केलेली नाही. संध्याकाळी काम संपलं की वॉनची कळ दाबतो, ती पुढे येते, बघतो, पुन्हा मागे टाकतो. अंगठा आता कमांडवरून सुटत नाही.

आणि आता लिहितोच आहे तर तेही लिहितो. त्या वर्षी छुसकच्या सणाला, पूर्वजांसमोर नैवेद्याची पानं मांडून झाल्यावर, सगळे बसलेले असताना, मी तुला म्हणालो होतो, “आता तुला लिहू कुठे?” मला रागावायचं नव्हतं. मी कारकून माणूस, मला खरंच प्रश्न पडला होता. पण तो प्रश्न बारा माणसांसमोर विचारायचा नव्हता, आणि तुला तर विचारायचाच नव्हता. तू हातातलं ताट खाली ठेवलंस. तू चपला घालत असताना मी “जेवून जा” म्हणालो. मला वाटतं ते तुझ्या कानापर्यंत पोचलं नाही, कारण मी फार हळू म्हणालो होतो.

तुझ्या आईने त्यानंतर सहा महिने माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. मग तिचं दुखणं आलं. दवाखान्यात तू आलीस तेव्हा मी बाहेर बाकावर बसून राहिलो, ते तुला बरं वाटावं म्हणून. तुला तसं वाटलं नसेल हे आता कळतं.

ब्यंग-हो

उईसंग, १३ एप्रिल

हे-रान,

घोटाळा झाला आहे. मी इतका वैतागलो आहे की हे पत्र तिसऱ्यांदा लिहितो आहे.

आठ तारखेला काम संपलं. दोन्ही फाइली पडद्यावर शेजारी शेजारी होत्या. मी वरच्या यादीतून ‘पाठवा’ दाबलं आणि फाइल मंडळाला गेली. मंडळाने कच्ची पानं छापून शाखेतल्या अकरा घरी पोस्टाने पाठवली. ती माझी फाइल होती. म्हणजे दुसरी.

जुन्या यंत्रात प्रत्येक खिडकीची यादी त्या खिडकीच्याच कपाळावर असायची. जिची यादी, तिचं काम. इथे दोन खिडक्यांना मिळून एकच यादी, वर पडद्याच्या आढ्याला टांगलेली. ती कोणत्या खिडकीची आहे हे ओळखायचं कसं? ज्या खिडकीला शेवटचा हात लागला तिची, असं म्हणे. सत्तर वर्षांच्या माणसाने शेवटचा हात कुठे लावला ते लक्षात ठेवायचं. असं मी काकांना सांगितलं, देगूच्या चुलतभावाला सांगितलं, पोस्टमनलाही सांगितलं.

काकांचा फोन सात मिनिटं चालला, त्यात माझं एकच वाक्य होतं. देगूहून सांग-ग्यूचा आला. त्याला तीन मुली. “तुझी एकटी ठळक अक्षरात, आणि माझ्या तिघी जावयांच्या नावाने? दादा, ही कोणती पद्धत?” त्याचं म्हणणं रास्त होतं, म्हणून मी जास्तच चिडलो.

सतरा तारखेला मंडळाची बैठक आहे. तिथे मी उभं राहून सांगायचं की यंत्राची चूक झाली, आणि बरोबर फाइल द्यायची. बरोबर फाइल म्हणजे ती ओळ काढलेली. काकांनी बोलायचा मसुदाही सांगून ठेवला आहे. सोपं आहे. सगळे माझ्यावर हसतील आणि विषय संपेल.

तुझ्या पानाची प्रत सोबत घातली आहे. वर मी, माझी जन्मतारीख आणि कचेरीतला हुद्दा. माझ्याखाली ‘पत्नी, ह्वांग घराण्यातली’, मृत्यूची तिथी, कोणत्या टेकडीवर पुरलं, सगळं रीतसर. त्याखाली तू. मी असं लिहिलं आहे: ‘मुलगी, हे-रान. पुस्तकांच्या छपाईत अक्षरं जुळवते. पूर्वेच्या समुद्राकाठी राहते. वडिलांना कॉम्प्युटर दिला.’ वंशावळीत पुरुषांच्या पुढे हुद्दे लिहितात, म्हणून शेवटचं वाक्य घातलं. नको होतं कदाचित.

प्रत पाठवतो आहे ती तू एकदा पाहावीस म्हणून. सतरा तारखेनंतर ते पान असणार नाही.

ब्यंग-हो

उईसंग, २४ एप्रिल

हे-रान,

तुझ्याकडून काही आलं नाही. कार्डसुद्धा नाही. तू त्या पानावर चिडली असशील तर तुझा हक्क आहे. तरी जे झालं ते कळवतो.

सतराला कुळाच्या सभागृहात चौदा माणसं होती, सगळ्यांत तरुण मी आणि सांग-ग्यू. काकांनी कच्ची पानं माझ्यासमोर टाकली. “हं, ब्यंग-हो. यंत्राचं सांग.”

मी उभा राहिलो. आढ्याला टांगलेली यादी, शेवटचा हात, सगळं तोंडपाठ होतं. आणि मग माझ्या तोंडून निघालं, “यंत्राची चूक नाही.”

“मग कोणाची?”

“कोणाचीच नाही. मला तीच पाठवायची होती.”

हे-रान, मागच्या पत्रात मी तुलाही खोटं लिहिलं. त्या दिवशी दोन्ही खिडक्या मला स्वच्छ दिसत होत्या. यादी कोणत्या खिडकीची हे पडद्यावर लिहिलेलं असतं, वरच्या तीन ठिपक्यांना रंग येतो तिची. दुसरीचे ठिपके करडे पडतात. हे मला मार्चपासून ठाऊक आहे. मी तुझ्या ओळीवर एकदा टिचकी मारली, ठिपके रंगीत झालेले पाहिले आणि ‘पाठवा’ दाबलं. मग चूक झाली म्हणून कांगावा करायला यंत्र होतंच. तुझं यंत्र शहाणं निघालं, ते काही बोललं नाही.

काका म्हणाले, “एवढं होतं तर मार्चमध्येच म्हणायचंस.”

“मार्चमध्ये हिंमत नव्हती.”

“आता कुठून आली?”

“आली नाही अजून, काका. बघा, खुर्ची धरून उभा आहे.”

सांग-ग्यू हसला. काका हसले नाहीत. म्हणाले, “एका घरची मुलगी नावाने आणि बाकीच्यांच्या जावयांच्या नावाने, असलं धेडगुजरी पुस्तक माझ्या हयातीत निघणार नाही. घालायची तर शाखेतल्या सगळ्या मुलींची घाल. छापखान्याला मी दहा मेपर्यंत थांबवतो. एकही नाव राहिलं तर सगळं जुन्या रीतीने, आणि तुझी ओळ बाद.”

ज्यांची नावं अजून कोणाला तरी आठवतील अशा शेवटच्या तीन पिढ्यांत एकशे बारा मुली आहेत. मंडळाच्या फाइलीत त्यांच्या जागी जावई आहेत, आणि त्यातले निम्मे वारलेले. आज आठवडा झाला, मी आणि सुन-ए फोनवर आहोत. लोक काय काय सांगतात. “आजीचं नाव? आम्ही आजीच म्हणायचो.” बुसानच्या एका म्हाताऱ्या बाईंना वाटलं मी काहीतरी विकतो आहे. मी म्हटलं, नाव विचारतो आहे. त्या म्हणाल्या, “सगळे आधी नावच विचारतात,” आणि फोन ठेवला. तिसऱ्यांदा केला तेव्हा सुन-एने माझ्या हातातून घेतला. अर्धा तास बोलली, नाव घेतलं, शिवाय त्यांच्या दोन बहिणींचीही.

सुन-एचं नाव मी तिच्यासमोर भरलं. ती म्हणाली, “एवढंच? मला वाटलं जास्त जागा लागेल.” मग बाहेर जाऊन नळाखाली भांडी घासत बसली, घासलेलीच.

अजून एकोणचाळीस राहिल्या आहेत. खिडक्यांचं म्हणशील तर आता चार चार उघड्या असतात आणि मला कोणती कुठे ते कळतं. तरी ते हिरवं बटण मला आवडत नाही ते नाहीच.

ब्यंग-हो

उईसंग, ९ मे

बाळ हे-रान,

काल आई-वडिलांचा दिवस होता. सुन-एची मुलं तिच्यासाठी लाल फुलं घेऊन आली, एक माझ्या छातीवरही लावलं. दुपारी पोस्टमन आला. माझ्या नावाचं पाकीट, सोकचोचा शिक्का. आत मी पाठवलेलंच पान.

मी दारातच उभ्याने बघितलं. तुझी ओळ तू तशीच ठेवली आहेस. कॉम्प्युटर दिला हे वाक्यसुद्धा खोडलेलं नाही, फक्त पूर्णविरामाआधी मी सोडलेली जास्तीची जागा मिटवली आहेस. सारं पान तपासलेलं दिसत होतं, आणि चूक एकच काढली होतीस. माझ्या नावाखाली, ‘पत्नी, ह्वांग घराण्यातली’ याच्यापुढे तुझी लाल पेन्सिल. बाणाची खूण, आणि समासात तीन शब्द: ‘आईचं नाव राहिलं.’

मी आत येऊन बसलो.

एकशे बारा मुलींची नावं मी तीन आठवड्यांत घरोघरी फोन करून जमवली. परवा शेवटचं नाव भरलं. काकांनी वाचून पाहिलं, मान हलवली, म्हणजे पसंत. आणि त्या सगळ्या दिवसांत माझ्या स्वतःच्या ओळीखाली काय आहे हे मला दिसलं नाही. बायका माहेरच्या घराण्याच्या नावाने लिहायच्या, ही रीत मी विचार न करता उतरवत आलो. डावीकडे जुनं पान, उजवीकडे नवं, दोन्ही डोळ्यांसमोर, आणि दिसलं नाही.

मला स्वतःचा फार राग आला. कॉम्प्युटरवर काढावा असा नव्हता.

तू झाल्यापासून मी तिला ‘हे-रानची आई’ म्हणूनच हाक मारत आलो. तू गेल्यावरही तेच म्हणत होतो. तुझं नाव या घरात रोज दहादा घेतलं जायचं ते असं. शेवटी शेवटी ती म्हणायची, “मुलीला हाक मारता की मला?” आणि मी पेपर पुढे ओढायचो. तिचं खरं नाव मी शेवटचं लिहिलं ते दवाखान्याच्या कागदावर.

आज सकाळी सुन-ए यायच्या आधी कॉम्प्युटर लावला. दोन खिडक्या घेतल्या. हिरवा ठिपका दाबून धरला, लगेच सोडला नाही. तुझं पान डावीकडे कॉम्प्युटरला टेकवलं, माकुलांच्या कार्डाशेजारी. मग तिचं नाव लिहिलं. ह्वांग ओक-बुन. लिहिताना मोठ्याने म्हटलं, घरात कोणी नव्हतं म्हणून. आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही.

उद्या पुस्तक छापखान्यात जाईल. काका म्हणणार, घालायचं तर शाखेतल्या सगळ्या बायकांची घाल. म्हणू देत. त्यांच्या बायकोचं नाव मला माहीत आहे, तिथून सुरुवात करीन, आणि छापखान्याला थांबवायचं त्यांनी बघावं.

जूनच्या अकराला तुझ्या आईची तिथी आहे. मी टेकडीवर सकाळी नऊला जातो, पाऊस असला तरी. यायचं की नाही ते तू ठरव. आलीस तर जेवून जा. हे या वेळी लिहून ठेवलं आहे.

त्या पानाची खिडकी सकाळपासून उघडी आहे. आवरायची राहिली म्हणून नव्हे.

तुझे बाबा